औषध कपाटात, माणूस रस्त्यावर: नॅलोक्सोनचा इतिहास

१/
हेरॉइन किंवा मॉर्फिनच्या अतिमात्रेने मंदावत चाललेला श्वास दोन-तीन मिनिटांत परत आणू शकेल, अशा औषधाच्या पेटंटसाठी १९६१ मध्ये अर्ज करण्यात आला. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचे नाव नॅलोक्सोन. मात्र ज्या माणसांच्या डोळ्यांदेखत असे मृत्यू घडत होते, त्यांच्या हाती ते पोहोचू लागण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात हे औषध रुग्णालयांच्या कपाटांत आणि रुग्णवाहिकांत होते. माणसे मात्र घरांत, गल्ल्यांत आणि स्वच्छतागृहांत मरत होती. या विलंबाचा आणि तो संपवणाऱ्या माणसांचा इतिहास या धाग्यात.

२/
प्रथम मृत्यूचे कारण. अफू आणि तिच्यापासून बनलेली किंवा तिच्यासारखी कार्य करणारी सर्व द्रव्ये, ज्यांना ओपिऑइड म्हणतात, वेदना शमवतात. परंतु मेंदूच्या ज्या भागातून श्वसनाचे नियंत्रण होते, त्यावरही ती परिणाम करतात. मात्रा वाढली की शरीर श्वास घेण्यास जणू विसरते. श्वास उथळ होतो, त्याची गती कमी होते, ओठ व नखे निळसर पडतात आणि प्राणवायूअभावी मृत्यू येतो. हे सहसा क्षणार्धात घडत नाही. बहुतेक वेळा त्यास काही मिनिटे, कधी तासही लागतात. पुढील सारा इतिहास या मधल्या वेळेभोवती फिरतो.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने अफूमधून तिचे मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले. ग्रीक स्वप्नदेवता मॉर्फिअसवरून त्याला मॉर्फिन हे नाव पडले. १८१७ मध्ये त्याने स्वतःवर आणि तीन किशोरवयीन मुलांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मात्रा इतकी वाढली की घाबरून त्याने सर्वांना तीव्र व्हिनेगर पाजून उलट्या करवल्या. मॉर्फिनच्या आधुनिक इतिहासाच्या पहिल्याच पानावर अशा रीतीने अतिमात्रेची आणि सोबतच्या माणसाने केलेल्या उपचाराची नोंद आहे.

४/
पुढे दोन गोष्टींनी धोका वाढवला. १८५० च्या दशकात पोकळ सुईची सिरिंज वापरात आली आणि द्रव्य थेट शरीरात सोडणे शक्य झाले. १८७४ मध्ये लंडनमध्ये सी. आर. आल्डर राइट यांनी मॉर्फिनपासून एक नवे संयुग बनवले. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने तेच खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणले आणि त्याला हेरॉइन हे व्यापारी नाव दिले. मॉर्फिनपेक्षा ते अधिक तीव्र आणि अधिक वेगाने मेंदूपर्यंत पोहोचणारे होते.

५/
या काळात अफूच्या विषबाधेवर नेमका उतारा नव्हता. रुग्णाला झोपू न देणे हाच मुख्य उपाय मानला जाई. दोघांनी धरून त्याला सतत चालवायचे, कडक कॉफी पाजायची, चापट्या मारायच्या, थंड पाणी शिंपडायचे. आज हे उपाय निरुपयोगी, कधी घातकही ठरलेले आहेत. तरीही थंड पाण्याचा आणि चापट्यांचा समज जगभरच्या वस्त्यांमध्ये अद्याप टिकून आहे. इतिहासातील चुकीचे उपचार बरे उपचार मिळाल्यावरही लगेच विस्मरणात जात नाहीत.

६/
या इतिहासात मुंबईचेही स्थान आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि शहरातील अनेक मोठ्या व्यापारी घराण्यांची संपत्ती या व्यापाराशी निगडित होती. त्याच शहरात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गिरणीत पाळीवर जाणाऱ्या कामकरी आया तान्ह्या बाळाला शांत झोपवण्यासाठी अफूमिश्रित 'बाळागोळी' देत. या प्रथेची चर्चा तत्कालीन कामगारविषयक चौकशांमध्ये झाली. बहुतेकींना पाळणाघराची सोय नव्हती. अफूच्या धोक्यात माणसे बहुधा ऐषआरामासाठी सापडत नाहीत; अनेकदा त्यामागे दुसरा मार्ग नसणे हेच कारण असते.

७/
विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यसंस्थांनी कायद्याचा मार्ग धरला. अमेरिकेत १९१४ चा हॅरिसन कायदा आला. १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, केवळ व्यसनी माणसाची गरज भागवण्यासाठी डॉक्टरने मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार ठरत नाही. पुढील काही वर्षांत अशा रुग्णांना औषध देणारे दवाखाने बंद पडले. ब्रिटनमध्ये मात्र १९२६ च्या रोलस्टन समितीने उलट भूमिका घेतली आणि हा निर्णय डॉक्टरच्या विवेकावर सोडला. एकाच आजाराकडे एका देशाने पोलिसांच्या नजरेने पाहिले, दुसऱ्याने वैद्याच्या. अमेरिकी दृष्टी पुढे जगात अधिक पसरली.

८/
तिचा एक परिणाम आकडेवारीत सहज दिसत नाही. व्यसन हा गुन्हा ठरल्यावर शेजारी पडलेल्या मित्राचा श्वास थांबत असतानाही मदत बोलावणे हा धोका झाला. रुग्णवाहिकेपाठोपाठ पोलीस येतील, आपल्याला अटक होईल, घर जाईल, मुले जातील, या भीतीने लोक वाट पाहत राहत किंवा पळून जात. म्हणजे उताऱ्याचा शोध लागण्यापूर्वीच तो वेळेवर पोहोचू नये अशी परिस्थिती तयार झाली होती.

९/
उताऱ्याकडे पहिले पाऊल १९४० च्या दशकात पडले. मॉर्फिनच्या रेणूत थोडा बदल करून नॅलॉर्फिन बनवण्यात आले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी ते अतिमात्रेवर वापरले जाऊ लागले. परंतु त्यात दोष होता. त्यामुळे रुग्णांना तीव्र अस्वस्थता व भास होत. रुग्णाच्या शरीरात ओपिऑइड नसेल, तर हेच औषध उलट श्वसन मंद करी. निदान चुकले तर उतारा स्वतःच विष ठरू शकत होता. असे औषध तज्ज्ञाच्याच हाती असणे योग्य होते.

१०/
१९६० च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये मोझेस लेवेनस्टीन आणि जॅक फिशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ऑक्सिमॉर्फोन या तीव्र वेदनाशामकाच्या रेणूतील नायट्रोजनवरचा मिथाइल गट काढून तेथे अलाइल गट बसवला. फिशमन यांचा जन्म १९३० मध्ये पोलंडमधील क्राकोव्ह येथे एका ज्यू कुटुंबात झाला होता. नाझी आक्रमणामुळे हे कुटुंब देशोधडीला लागले आणि तरुणपणी ते अमेरिकेत आले. हॅरोल्ड ब्लूमबर्ग यांच्या चाचण्यांतून या नव्या संयुगाचे विलक्षण गुण उघड झाले. ते नॅलॉर्फिनपेक्षा कितीतरी प्रभावी होते आणि त्याला स्वतःची नशा नव्हती.

११/
ते कसे कार्य करते? मेंदूतील पेशींवर ओपिऑइड जेथे जाऊन बसतात, त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. नॅलोक्सोन तेथे अधिक घट्ट बसते, हेरॉइनला बाजूला सारते आणि स्वतः काहीच परिणाम घडवत नाही. कुलपात बसणारी, पण कुलूप न उघडणारी किल्ली, अशी त्याची कल्पना करता येते. शरीरात ओपिऑइड नसेल तर नॅलोक्सोन जवळजवळ काहीच करत नाही. म्हणजे निदान चुकले तरी अपाय होत नाही. १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतील हे रिसेप्टर दाखवून दिले, तेव्हा किरणोत्सारी खूण जोडलेले नॅलोक्सोनच त्यांच्या उपयोगी पडले.

१२/
१९७१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नॅलोक्सोनला मान्यता दिली. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. तरीही नियमानुसार ते डॉक्टरच्या चिठ्ठीने, त्याच रुग्णासाठी द्यायचे औषध राहिले. येथे एक विचित्र अडचण होती. ज्याचा श्वास थांबत आहे, तो स्वतःला इंजेक्शन देऊ शकत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागते, आणि त्या दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहिण्याची सोय कायद्यात नव्हती. नॅलॉर्फिनसाठी योग्य असलेली सावधगिरी कितीतरी सुरक्षित अशा नॅलोक्सोनलाही चिकटून राहिली.

१३/
दरम्यान व्यसनावरील उपचारांत मोठा बदल होत होता. न्यू यॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथाडोन हे जर्मनीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस बनलेले, दीर्घकाळ परिणाम टिकणारे ओपिऑइड. रोज ठरावीक मात्रा तोंडाने घेतली की रुग्णाला तलफ व अंगदुखीचा त्रास होत नाही, रस्त्यावरचे हेरॉइन शोधावे लागत नाही आणि तो कामधंद्याला लागू शकतो. व्यसन म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव, या समजुतीला या उपचाराने जोरदार धक्का दिला. आज अतिमात्रेचा मृत्यू टाळण्याच्या सर्वांत भक्कम उपायांमध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांची गणना होते.

१४/
दुसरा बदल नेदरलँड्समधून आला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे व्यसनी व्यक्तींनी स्वतःच्या संघटना उभारल्या. काविळीची साथ पसरू लागली, तेव्हा १९८४ मध्ये अशाच एका संघटनेच्या पुढाकाराने ॲमस्टरडॅममध्ये वापरलेल्या सुया घेऊन नव्या देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. लवकरच एड्सच्या संकटाने त्याची निकड सिद्ध केली. या विचाराला पुढे हानी कमी करण्याचे धोरण म्हटले गेले. त्याचे सूत्र साधे होते. माणूस आज व्यसन सोडू शकत नसेल, तर ज्या दिवशी तो सोडू शकेल त्या दिवसापर्यंत त्याने जिवंत असले पाहिजे.

१५/
याच विचारातून १९९० च्या दशकात एक प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. बहुतेक अतिमात्रेच्या वेळी शेजारी कोणीतरी असते. मग औषध त्याच्याकडेच का देऊ नये? ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन स्ट्रँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार मांडला आणि १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे समर्थन केले. इटलीत त्याच दशकात नॅलोक्सोन लोकांच्या हाती देण्यास सुरुवात झाली होती आणि ते औषधाच्या दुकानांत चिठ्ठीविना मिळू लागले.

१६/
अमेरिकेत ही सुरुवात शिकागोत झाली. शिकागो रिकव्हरी अलायन्स ही संस्था रस्त्यांवर स्वच्छ सुया वाटत असे. १९९६ मध्ये तिच्या संस्थापकांपैकीच एकाचा अतिमात्रेने मृत्यू झाला. त्यानंतर डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. सुयांच्या जोडीने त्यांनी व्यसनी व्यक्तींना नॅलोक्सोनच्या कुप्या देण्यास आणि त्या कशा वापराव्यात हे शिकवण्यास आरंभ केला. पुढे डॉक्टरांचा सहभाग मिळाल्यावर हा कार्यक्रम रीतसर झाला. योगायोग असा की, याच १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक बाजारात आले. त्याच्या बेफाम प्रचारातून व वापरातून अमेरिकेतील ओपिऑइडच्या साथीची पहिली लाट उसळणार होती.

१७/
या प्रयत्नांना कडवा विरोध झाला. अतिमात्रेतून वाचण्याची खात्री मिळाली तर लोक अधिक बेफिकीर होतील, हा मुख्य आक्षेप. २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्या अंमली पदार्थ धोरण कार्यालयातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे असे मत मांडले की, मृत्यूच्या दारातून परतण्याचा अनुभवच माणसाला उपचारांकडे वळवू शकतो, म्हणून औषध घरोघरी देणे योग्य नव्हे. या मतातील अडचण उघड आहे. जो मरतो, तो उपचारांकडे वळू शकत नाही.

१८/
या वादाची किंमत खुद्द संशोधकाच्या घरीही मोजावी लागली. २००३ मध्ये जॅक फिशमन यांच्या सावत्र मुलाचा हेरॉइनच्या अतिमात्रेने मृत्यू झाला. नॅलोक्सोनचे पेटंट मिळवणाऱ्या माणसाच्या कुटुंबाचे हे दुःख होते. त्या वर्षी अमेरिकेच्या बहुतेक भागांत सामान्य माणसाला हे औषध जवळ ठेवणे शक्य नव्हते. त्या तरुणाची आई पुढे नॅलोक्सोनच्या प्रसाराच्या कामात सहभागी झाली.

१९/
हळूहळू पुरावा जमत गेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, १९९६ ते २०१० या काळात सामुदायिक कार्यक्रमांनी ५३,०३२ जणांना नॅलोक्सोन व प्रशिक्षण दिले आणि १०,१७१ वेळा त्याने अतिमात्रा उलटवल्याची नोंद झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील १९ गावे व शहरांचा २००२ ते २००९ या काळातील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे असा कार्यक्रम नव्हता, त्यांच्या तुलनेत कमी प्रमाणात प्रशिक्षण झालेल्या ठिकाणी ओपिऑइड मृत्यूंचा दर २७ टक्क्यांनी, तर अधिक प्रमाणात झालेल्या ठिकाणी ४६ टक्क्यांनी कमी होता.

२०/
कायदेही बदलू लागले. न्यू मेक्सिको राज्याने २००१ मध्ये नॅलोक्सोन देणाऱ्या सामान्य माणसाला कायदेशीर संरक्षण दिले. २००७ मध्ये त्याच राज्याने आणखी एक पाऊल टाकले. अतिमात्रेच्या वेळी मदत बोलावणाऱ्यावर अंमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल खटला भरला जाऊ नये, असा अमेरिकेतील पहिला कायदा तेथे झाला. पुढे बहुसंख्य राज्यांनी त्याचे अनुकरण केले. आठव्या भागात सांगितलेल्या भीतीला कायद्याने दिलेले हे पहिले उत्तर होते.

२१/
स्कॉटलंडने २०११ मध्ये राष्ट्रीय पातळीवर नॅलोक्सोन कार्यक्रम सुरू केला आणि तुरुंगातून सुटणाऱ्यांवर विशेष लक्ष दिले. याला शास्त्रीय कारण आहे. काही आठवडे किंवा महिने द्रव्य न घेतल्यास शरीराची सवय मोडते. सुटकेनंतर, किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतर, जुनीच मात्रा घेतली तर ती जीवघेणी ठरते. स्कॉटलंडमध्ये ओपिऑइडशी संबंधित मृत्यूंपैकी सुटकेनंतरच्या चार आठवड्यांत घडणाऱ्यांचे प्रमाण २००६ ते २०१० या काळात ९.८ टक्के होते. २०११ ते २०१३ मध्ये ते ६.३ टक्क्यांवर आले.

२२/
भारतात हेरॉइनचा प्रश्न १९८० च्या दशकात दोन वाटांनी आला. एक वाट मुंबई, पुणे, दिल्ली या शहरांची. येथे अशुद्ध हेरॉइन 'ब्राउन शुगर' आणि 'गर्द' या नावांनी पसरले. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अंमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, केला. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या विषयावरील लेखनाने मराठी समाज हादरला. त्याच वेळी येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणसाला रुग्ण मानावे आणि बरे झालेल्या रुग्णाने दुसऱ्याला हात द्यावा, ही त्या कामाची बैठक होती.

२३/
दुसरी वाट ईशान्येची. म्यानमारच्या सीमेवरून मणिपूरमध्ये शुद्ध हेरॉइन येई; त्याला 'नंबर फोर' म्हणत. ते बहुधा सुईने घेतले जाई. १९८९-९० मध्ये तेथील सुईवाटे नशा करणाऱ्यांत एचआयव्ही आढळला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांत तो दिसू लागला. या आघातातून मणिपूर शिकले. १९९१ मध्ये इंफाळात व्यसनातून बाहेर पडलेल्या तरुणांनी सोशल अवेअरनेस सर्व्हिस ऑर्गनायझेशन स्थापली. १९९६ मध्ये मणिपूर राज्याच्या एड्सविषयक धोरणाने हानी कमी करण्याचा मार्ग अधिकृतपणे स्वीकारला. शिकागोत कुप्या वाटल्या जात होत्या, त्याच वर्षी.

२४/
पुढे २००४ मध्ये मणिपूर व नागालँडमध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट ऑर्किड'सारख्या उपक्रमांतून वस्तीतील केंद्रांमध्ये नॅलोक्सोन ठेवण्यात आले आणि कार्यकर्त्यांना अतिमात्रा हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले. रात्री-अपरात्री डोंगराळ गावात रुग्णालय गाठणे दुरापास्त असते. तेथे शेजारचा प्रशिक्षित माणूस हाच दवाखाना ठरतो. दिल्ली व मुंबईतील संस्थांनी १९९० च्या दशकात ब्युप्रेनॉर्फिनच्या उपचाराचे प्रयोग केले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ ते २०१२ या तिसऱ्या टप्प्यात हा उपचार सरकारी धोरणाचा भाग झाला.

२५/
तरीही दरी मोठी आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड वापरत होते. त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. सुईवाटे द्रव्य घेणाऱ्यांची संख्या सुमारे ८.५ लाख होती. एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे. अल्प प्रमाणातील गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. या कलमाची माहिती फार थोड्या कुटुंबांना असते.

२६/
अखेरचा टप्पा सर्वांत भीषण. नॅलोक्सोन बनले त्याच सुमारास, १९६० मध्ये, बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी फेंटानिल बनवले. शस्त्रक्रियेतील हे उपयुक्त औषध २०१३ नंतर अमेरिकेच्या बेकायदा बाजारात हेरॉइनमध्ये मिसळले जाऊ लागले आणि मृत्यूची लाट उसळली. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत तेथे अतिमात्रेच्या मृत्यूंची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिमात्रा पाहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकाला नॅलोक्सोन मिळावे अशी शिफारस केली. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याच्या नाकात फवारायच्या रूपाला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये ते चिठ्ठीविना विकण्याची परवानगी मिळाली. २०२४ मध्ये तेथील मृत्यूसंख्या सुमारे ८० हजारांपर्यंत उतरली. या घसरणीची कारणे अनेक आहेत. नॅलोक्सोनचा प्रसार त्यांपैकी एक मानला जातो.

२७/
या दोनशे वर्षांतून हाती आलेले ज्ञान थोडक्यात असे. हाक मारूनही, छातीच्या हाडावर बोटांचे सांधे जोराने चोळूनही माणूस जागा होत नसेल, श्वास अतिशय मंद असेल किंवा घरघर ऐकू येत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ निळसर असतील, तर ती अतिमात्रा समजावी. 'झोपला आहे, उतरेल' असे म्हणून सोडू नये. तत्काळ १०८ किंवा ११२ वर फोन करावा आणि श्वास नीट चालत नाही हे आधी सांगावे. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा. फोनवरून मिळणाऱ्या सूचना पाळाव्यात. श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. नॅलोक्सोन उपलब्ध असेल तर द्यावे. मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये.

२८/
नॅलोक्सोनचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो. शरीरातील ओपिऑइड त्याहून अधिक काळ राहू शकते. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसाचा श्वास पुन्हा मंदावू शकतो आणि त्याला रुग्णालयात नेणे आवश्यकच असते. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोनचा परिणाम होत नाही, आणि त्या ओपिऑइडसोबत घेतल्यास धोका कितीतरी पटींनी वाढतो. एकट्याने द्रव्य घेणे आणि खंडानंतर जुन्या मात्रेकडे परतणे, या दोन प्रसंगी मृत्यू सर्वाधिक जवळ असतो. घरात अशी व्यक्ती असेल तर नॅलोक्सोनविषयी डॉक्टरला आधीच विचारून ठेवावे.

२९/
मदत कोठे मिळते? केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत उपचार मिळतात; एड्स नियंत्रण संस्थांशी संलग्न केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोनचा उपचार अनेक ठिकाणी उपलब्ध आहे. मारहाण करणारे, साखळीने बांधणारे किंवा नातेवाइकांना भेटू न देणारे केंद्र हे उपचार केंद्र नव्हे. आणि उपचारानंतर पुन्हा व्यसन लागले तर तो उपचाराचा शेवट नसतो. मधुमेहाप्रमाणे या आजारातही पुन्हा दवाखान्यात जावे लागते.

३०/
नॅलोक्सोनच्या इतिहासात रेणूचा शोध ही तुलनेने सोपी गोष्ट ठरली.  तो रेणू योग्य हाती पोहोचवण्यास चार-पाच दशके लागली, आणि भारतात ते काम अद्याप पूर्ण झालेले नाही. विलंबाचे मूळ एका प्रश्नात होते: व्यसनी माणसाचा जीव वाचवण्याजोगा आहे काय, आणि तो वाचवण्याचे काम त्याच्या मित्रावर सोपवता येते काय? शिकागोतील आणि इंफाळातील माणसांनी दोन्ही प्रश्नांना होकार दिला. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

हा धागा अशा कुटुंबापर्यंत पोहोचावा, जेथे १४४४६ हा क्रमांक अद्याप कोणाला ठाऊक नाही.